नजीबाचं पाणी

ट्युनिशियात मोनास्तीरजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात नजीबा बावीस वर्षं पँटला चेन बसवत होती. एवढ्या वर्षांत कामावर असताना तिनं घोटभरापेक्षा जास्त पाणी कधी प्यायलं नव्हतं. कामाच्या एका पाळीत दोनदाच संडासला जायची परवानगी होती, तीही लाइनचा सुपरवायझर लुत्फी याला विचारून. तो वहीत वेळ टिपायचा. पाच मिनिटांवर गेलं की सगळ्या बायकांदेखत विचारायचा, "आत झोपली होतीस का?"

त्या उन्हाळ्यात मशीनवर बसल्या बसल्याच तिच्या कुशीत कळ आली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मूत्रपिंडात खडा निघाला. डॉक्टरीणबाईंनी रोज तीन लिटर पाणी प्यायचं लिहून दिलं. लुत्फीनं ती चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, घरी जाऊन पी की.

घरी तरी कुठे उसंत होती. साडेचारला उठून ती नवऱ्याचा आणि दोन मुलांचा डबा करायची, पावाला हरीसाची तिखट चटणी लावून आत ट्यूना मासा आणि उकडलेलं अंडं. संध्याकाळी परत चुलीशी. नवरा मुन्सिफ म्हणाला, "तब्येतीला जप गं," आणि जेवलेलं ताट तिथंच टाकून कॅफेत पत्ते कुटायला गेला. नजीबानं दातओठ खाल्ले, पण ताट उचललं.

सप्टेंबरात परदेशी गिऱ्हाइकांची माणसं तपासणीला येणार होती. त्यांना दाखवायला म्हणून मॅनेजरनं ट्यूनिसहून एक आरोग्यतज्ज्ञ बाई बोलावली. भाषण ठेवलं जेवणाच्या सुट्टीत, म्हणजे कामाचा वेळ जायला नको. बायका मांडीवर पाव ठेवून बसल्या. बाई गोड आवाजात सांगत होती, भरपूर पाणी प्या, दर तासाला उठून चार पावलं चाला, आठ तास झोपा, स्वतःसाठी वेळ काढा. भिंतीला टेकून उभा लुत्फी प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. ती डुलणारी मान बघून नजीबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली.

"बाई, तुमचं सगळं खरंय. पाणी प्यायला आम्हाला शिकवायला नको. प्यायल्यावर जायचं कसं, ते ह्या वहीवाल्याला शिकवा."

बाईनं मॅनेजरकडे पाहिलं, तो म्हणाला, हे नंतर बघू. मग मागून वहीदा बोलली. वर्षभरापूर्वीच लागलेली पोरगी. आवाजात कुत्सितपणा नव्हता.

"मावशी, पहिल्या दिवशी मला तुम्हीच सांगितलं होतं, सकाळी पाणी पिऊ नकोस म्हणून."

नजीबाला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. खोटं काय होतं त्यात? नव्या आलेल्या प्रत्येक पोरीला तिनं ही युक्ती मायेनं शिकवली होती. लुत्फीवरचा राग तिच्या सवयीचा होता. हा स्वतःवरचा राग मात्र तिला सोसवेना.

"चुलीत गेलं माझं शहाणपण," ती म्हणाली. "आजपासून प्या."

दुसऱ्या दिवशी ती पाण्याची मोठी बाटली घेऊनच आली. दहाच्या सुमारास न विचारता उठली. किती वेळात परत येणार, असं लुत्फीनं विचारलं.

"झालं की येईन."

आठवड्यात तिची बदली वाफेच्या इस्त्रीवर झाली. तिथं उन्हाळा बारमाही. ती आणखी पाणी पिऊ लागली. इकडे लाइनवर वहीदा न विचारता उठली, मग तिच्या शेजारच्या दोघी, आणि थंडी पडेपर्यंत सगळीच लाइन. सगळ्यांना इस्त्रीवर पाठवलं असतं तर पँट शिवल्या कुणी असत्या? वही लुत्फीच्या खणात गेली.

घरीही तिनं मुन्सिफचा डबा बंद केला. चार दिवस तो कोरडा पाव खाऊन फुगून बसला. पाचव्या दिवशी त्यानं स्वतः अंडी उकडली, अर्धी कच्ची, आणि निमूट खाल्ली.

डिसेंबरात खडा पडला. नजीबानं दोनदा आपलं जुनं मशीन परत मागितलं. मॅनेजर म्हणाला, जागा नाही. काचेपलीकडे ते मशीन रिकामं दिसत होतं. पोरी आता न विचारता उठत होत्या, शिक्षा मात्र ती एकटीच भोगत होती. ती इस्त्रीकडे वळली आणि त्या दिवशी एकाही पोरीशी नीट बोलली नाही.