नैवेद्याचं मीठ

आमचे मोठे दीर मठात आचारी आहेत आणि स्वतः रांधलेलं अन्न त्यांनी उभ्या जन्मात कधी चाखलेलं नव्हतं. यातली पहिली गोष्ट त्यांना सांगावी लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी मात्र ते कुणालाही सांगत. एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातच थांबवून ती सांगितली. त्या बिचाऱ्याने मीटरचा आकडा दोनदा चुकीचा लिहून घेतला.

मठ आणि देऊळ यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि भिंतीत एक बुटकं दार. देवळात पुजारी वेगळे, पण गाभाऱ्याची किल्ली असते मठात. पहाटे पुजाऱ्याने मठाच्या पायरीशी उभं राहून ती मागायची, मग एका संन्याशाने बरोबर जाऊन गाभारा उघडून द्यायचा. रात्रीची आरती झाली की किल्ली परत मठात. देवाला काय नेसवायचं, कधी निजवायचं, हेसुद्धा मठच ठरवतो. आणि दुपारचा नैवेद्य मठाच्याच चुलीवरचा. दुसरीकडचा देवाला चालत नाही. "चालत नाही हे देवाने कुणाला सांगितलं?" असं माझे यजमान एकदा म्हणाले, तर दिरांनी त्यांच्याशी चांगला आठवडाभर अबोला धरला होता.

हा नैवेद्य देवाआधी कुणी चाखायचा नाही. आचाऱ्यानेही नाही. झाकलेली भांडी त्या बुटक्या दारातून गाभाऱ्यात जातात, देवापुढे ठेवून दार लावून घेतात, घंटा वाजली की देव जेवला. मग अर्धं अन्न देवळातल्या लोकांना प्रसाद म्हणून, अर्धं परत मठात संन्याशांच्या पंगतीला. पंगतीत बोलायचं नाही. समोर येईल ते औषध समजून खायचं, चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, मागायचं नाही. देवळातल्या लोकांचं तर काय, प्रसादाला कोण नावं ठेवणार?

म्हणजे बघा. देव बोलत नाही, संन्यासी बोलत नाहीत, भक्त बोलत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला दिरांचा इतका हेवा वाटला! आमच्या घरात भाजी ताटात पडायच्या आत तिच्यावर तीन मतं पडतात.

चाखायचं नाही म्हणून दिरांचा सगळा कारभार नाकावर. डाळीला उकळी आली की ते पातेल्यावर वाकत, डोळे मिटत, एक लांब श्वास घेत आणि म्हणत, "बसलं मीठ." किंवा, "अजून मागतेय." मिठाला वास असतो का, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. "मिठाला नसतो," ते म्हणाले, "पण मीठ पडलं की डाळीचा वास बदलतो. तुम्हाला नाही कळायचं." नाही कळलं हे खरंच. पण घरी आले की हे नाक जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं राहायचं. "आज जिरं करपलंय." "भाजीत मीठ कमी आहे." आत पाऊल नाही, चमचा नाही, नुसतं दारातून.

"अहो, मठातून येताना ते नाक तिथंच खुंटीला अडकवून येत जा," जाऊबाई म्हणायच्या.

"खरं ते सांगितलं."

"खरं सांगायला तिकडं बंदी आहे म्हणून इकडं सांगता काय?"

मठातून आचाऱ्याला रोज त्याच प्रसादाचा डबा मिळतो. तो आम्ही खायचो. दीर स्वतः दूधभात खात. आपण केलेलं आपणच खाल्लं की हाताला गर्व चढतो, असं त्यांचं म्हणणं. हाताला नाही चढला, हे मी पाहिलंय. बाकी ठिकाणचं सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना मोठी सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना नाक बरोबर घेऊन गेली. हे आम्हाला कळलं ते दुधामुळे. जाऊबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या होत्या, दूध गॅसवर होतं आणि दीर गॅसपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून पेपर वाचत होते. दूध उतू गेलं, आटलं, करपलं, भांडं काळं झालं. समोरच्या इमारतीतली बाई खिडकीतून ओरडली, "अहो, काय जळतंय तुमच्याकडे?" जाऊबाई धावत खाली आल्या, मी माझ्या खोलीतून धावले. दीर पेपरचं पान उलटत होते.

"दूध!" जाऊबाई किंचाळल्या.

"कुठलं दूध?"

जाऊबाईंनी गॅस बंद केला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कधीपासून?"

दिरांनी पेपरची घडी घातली. उलगडली. परत घातली. "सर्दीपासून. येईल परत. आणि तुम्ही दोघी, कुठं बोलू नका."

घाबरायला कारण होतं. त्यांच्या आधीच्या आचाऱ्याचा हात थरथरायला लागला, तेव्हा मठाने त्याला "विश्रांती घ्या" म्हणून सांगितलं आणि ओसरीवर फुलं निवडायला बसवलं. वाईट काही केलं नाही, दोन वेळचं जेवण दिलं, मान दिला. पण तो ओसरीवर बसून दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत असायचा. दिरांना ते दार बाहेरून बघायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर जाऊबाईंनाही नको होतं. "फुलं काय, सकाळी तासाभरात निवडून होतात," त्या मला म्हणाल्या. "मग दिवसभर हे कुठं उभे राहतील सांग? माझ्या दारात!"

आता नेमकं त्याच सुमाराला काय झालं, की मठाच्या कोठीवाल्यांनी मीठ बदललं. कोठीवाले म्हणजे धान्याची कोठी सांभाळणारे, आमच्याच गल्लीत राहतात. खडे मीठ ओलं होतं, म्हणून त्यांनी बारीक मिठाची पाकिटं आणली. दिरांच्या मुठीला खडे मिठाची सवय. मूठ तीच, पण बारीक मीठ तिच्यात गच्च भरतं. नाक असतं तर पहिल्याच वाफेला कळलं असतं.

पहिल्या दिवशी डब्यातली डाळ खाल्ली तेव्हा मला वाटलं, माझंच तोंड आलंय. मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्या भाताचा ढीग उपसून डाळीत कालवत होत्या. माझ्या यजमानांनी घास घेतला, थांबले, तोंड उघडलं.

"प्रसाद आहे," जाऊबाई म्हणाल्या.

यजमानांनी तोंड मिटलं आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी बिनमिठाचा भात जास्तीचा लावायला लागलो. मग एका संध्याकाळी कोठीवाले सहज येऊन बसले आणि म्हणाले, "यंदा हवा काही खरी नाही. भर हिवाळ्यात आमचे स्वामी लोक किती पाणी पितात! पंगतीतला रांजण उठायच्या आत तळाला जातो."

"ऊन लवकर पडायला लागलंय," दीर गंभीरपणे म्हणाले.

"तसंच असेल. आणि देवळातले लोकही हल्ली प्रसाद अगदी चिमूटभर घेतात. पूर्वी द्रोण पुढं करायचे."

"श्रद्धा कमी झाली लोकांची," दीर म्हणाले.

जाऊबाई उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या ओट्याला टेकून, पदर तोंडात धरून हसत होत्या. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "धाकटे, हे आता मलाच करावं लागणार. नाहीतर ती सगळी माणसं खारवून मरतील, आणि तरी कुणी ब्र काढायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दीर जेवायला बसले. जाऊबाईंनी ताटात दूधभात वाढलाच नाही. साधा भात वाढला आणि त्यावर डब्यातली डाळ.

"हे काय?"

"प्रसाद. नाही म्हणायचं नसतं."

"अगं, माझा नेम..."

"देवाच्या ताटातलं आलंय. देवाला नाही म्हणताय?"

दिरांनी नाइलाजाने घास घेतला. वास गेला तरी जीभ जाग्यावर होती. घास तोंडात तसाच राहिला. गिळला. पाणी प्यायले. परत पाणी प्यायले.

"किती दिवस?"

"नव्या मिठापासून."

"आणि तुम्ही सगळे खात होतात?"

"प्रसादाला नावं कशी ठेवायची?"

"अगं, मला तरी ठेवायचीस!"

"ती रोजच ठेवते. ऐकता कधी?" असं म्हणाल्या खऱ्या, पण ताट पुढे सारून दिरांनी कपाळाला हात लावलेला दिसला तसा त्यांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला. "देवापुढे ठेवलं मी हे," दीर म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दूधभातही खाल्ला नाही.

संध्याकाळी ते मठाच्या मोठ्या स्वामींकडे गेले. जाऊबाई ओसरीपर्यंत बरोबर होत्या. पुढचं त्यांनी दाराशी उभं राहून ऐकलं आणि घरी येऊन मला दोघांच्या आवाजात सांगितलं.

"स्वामी, स्वयंपाक खारट होतोय," दीर म्हणाले.

स्वामी माळेचे मणी ओढत राहिले.

"होतोय ना?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे बरा होतोय?"

"तेही सांगता येत नाही." आणि स्वामींनी तांब्या उचलून चार घोट पाणी प्यायलं.

मग दिरांनी सगळं सांगितलं. नाक गेलं, ते लपवलं, देवापुढे असलं अन्न ठेवलं. "मला मोकळं करा. उद्यापासून फुलं निवडतो," म्हणाले.

स्वामींनी विचारलं, "तुम्ही स्वतः केलेलं कधी जेवला आहात?"

"छे! उभ्या जन्मात नाही!" जाऊबाई सांगत होत्या, तेवढ्या दुःखातही दिरांची छाती वीतभर पुढे आली.

"असं करायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माझा मीच नेम केला."

"मठाचा नेम देवाआधी चाखू नये एवढाच. देवानंतर जेवू नये, असं आम्ही कधी म्हटलं नाही. उद्यापासून पंगतीला बसा. आज केलंत ते खाल्लंत, तर उद्याचं कळेल. पंधरा दिवस बघू. नाहीच जमलं तर मग फुलं."

दुसऱ्या दिवशी काय झालं ते कोठीवाल्यांनी सांगितलं, कारण वाढायला तेच होते. धसका घेतलेल्या दिरांनी डाळीत मीठ टाकलं की नाही, हे त्या डाळीलाच ठाऊक. भाजीचीही तीच गत. भांडी देवळात जाऊन आली, पंगत बसली. दीर शेवटच्या पाटावर, अंग चोरून. सगळ्यांनी घास घेतला. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मोठे स्वामी शांतपणे जेवत होते, पलीकडचे म्हातारे संन्यासी शांतपणे चावत होते. दिरांनी घास घेतला.

"अहो कोठीवाले, मीठ आणा मीठ! काय केलंय हे? गवत आहे नुसतं!"

कोठीवाले म्हणाले, त्या खोलीत मंत्र सोडून दुसरा शब्द मी कधी ऐकला नव्हता, माझ्या हातातली पळीच सुटली. दिरांनी जीभ चावली आणि मान अशी खाली घातली की नाक भाताला लागलं. कोठीवाल्यांनी मोठ्या स्वामींकडे पाहिलं. स्वामींनी फक्त ताटाच्या कडेचा भात बोटांनी जरा आत सारला आणि मिठापुरती जागा केली. ते बघून शेजारच्याने केली. मग त्याच्या शेजारच्याने. कोठीवाले मीठ घेऊन परतले तोवर सगळ्या पंगतीने जागा करून ठेवली होती. मागायचं नाही, पण वाढायला आलं तर घ्यायला कुणाची ना आहे? म्हाताऱ्या संन्याशांनी तर दोनदा घेतलं.

पुढचे दिवस बरेच वर-खाली गेले. एकदा जास्त, एकदा कमी, एकदा भाजी चक्क चांगली. दीर घरी येऊन मुकाट स्टुलावर बसत आणि मूठ उघडून तिच्याकडे बघत. जाऊबाईंच्या भाजीबद्दल अवाक्षर नाही. त्यांना सुरुवातीला बरं वाटलं, मग करमेना. "अहो, जरा कमी आहे का हो मीठ?" असं त्या स्वतःच विचारायला लागल्या.

"ठीक आहे," दीर म्हणत.

पंधरवडा संपला त्या सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर गेले. जाऊबाईंनी काही काम नसताना फडताळ आवरायला काढलं. दुपारी दीर परत आले, चपला काढल्या आणि येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"काय म्हणाले स्वामी?" जाऊबाईंनी पाठमोरंच विचारलं.

"काही नाही म्हणाले. पंधरा दिवसांत काही म्हणाले नाहीत, आजही नाही."

"मग?"

"मी ओसरीवर जाऊन बसलो होतो, बोलावणं येईल म्हणून. तर कोठीवाला आतून ओरडला, अहो, डाळ किती काढू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, नेहमीइतकी. आणि गेलो आत."

जाऊबाईंनी फडताळाचं दार लावलं. मग वळून म्हणाल्या, "तर मग आता इथून सरका दारातून. मला स्वयंपाक करायचाय."