साहेबाचा टोला आणि आत्याबाईंचा घाणा

मला हसू आलं की आवरत नाही. रागाचंही तसंच. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींना ठसका लागला आणि अंतरपाटाआड मी अशी फिदीफिदी हसले की माझ्या आईनं सगळ्यांदेखत मला चिमटा काढला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हाच म्हणाल्या होत्या, "हे पोरगं एक दिवस मला बाजारातून उठवणार!"

बाजार म्हणजे आमचा भज्यांचा धंदा. हिंगोलीत दसऱ्याला मोठं मैदान भरायचं, औंढा-नरसीकडून बैलगाड्यांची रीघ लागायची. मामंजी होते तोवर आमची कढई मैदानाच्या दरवाजात असायची. ते गेले, आणि पुढच्या दसऱ्याला पंचमंडळींनी आत्याबाईंना सांगितलं की तुमी आता मागं बसा. सणाच्या दिवशी आत येणाऱ्याला आधी विधवेचं तोंड दिसायला नको ना! मागं म्हणजे कुठं, तर जनावरांच्या हौदापाशी. शेणामुताच्या घमघमाटात भजी कोण खाणार? मी नवी नवरी होते, तरी माझं डोकं असं भणाणलं की पदर खोचून भांडायलाच निघाले होते. आत्याबाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं. पण दर दसऱ्याला सामान घेऊन जाताना त्या दरवाजाशी थोडं थांबत आणि मग मागं जात. त्यांना ती जागा हवी होती. दुसरं काही कधी मागितलेलं मला आठवत नाही.

तो निजामाचा जमाना. छावणीतली पलटण केव्हाच उठून गेली होती, पण तिचा गावाबाहेरचा माळ तसाच पडला होता. त्यावर दोन-चार साहेब काठीनं पांढरा चेंडू मारत, जमिनीतल्या भोकात घालत उन्हातान्हात फिरायचे. त्याला म्हणे गोल्फ म्हणतात. एका हिवाळ्यात त्याचे सामनेच ठरले. हैदराबादेहून, सिकंदराबादेहून आगगाडीनं साहेब येणार, तंबू पडणार, आणि गावानं बघायला यायचं! बघायला माणसं आली की त्यांना खायला लागतं. म्हणून तहसीलदारांनी आत्याबाईंना बोलावणं धाडलं. आमच्या घरात चुलीवरची कढई खाली उतरली, कारण तहसीलीतून बोलावणं म्हणजे काहीतरी वाईटच.

तहसीलदार हैदराबादचे, बोलणं दख्खनी, मिशीला तेल. म्हणाले, "देखो अम्मा, भजी तुमी लावायची. पण साहेब लोक टोला मारताना शोर नक्को. कढईचाबी नक्को. तीन दिन बराबर निभावलं, तर दसऱ्याला पाहिजे ती जागा मागा."

आत्याबाईंनी डोळे वर केले. "दरवाजातली?"

"दरवाजातली."

"पंच न्हाई म्हणतेत."

"मैदान सरकारचं हाय, पंचांचं न्हाई," तहसीलदार म्हणाले.

बाहेर येताच आत्याबाईंनी माझा दंड धरला. "ऐक. तीन दिवस हसायचं न्हाई. पदर तोंडात कोंब, माती खा, काय वाट्टेल ते कर. हसलीस तर माझ्याशी गाठ हाय." मी व्हय म्हणाले, आणि म्हणतानाच मला हसू फुटलं.

पहिला दिवस उजाडला. शेवटच्या भोकाजवळ कडुलिंबाखाली आमची चूल. आमचे मालक, म्हणजे आत्याबाईंचा लेक, चहाच्या किटलीशी, आत्याबाई कढईशी, मी पीठ कालवायला. शेजारीच करडईचं शेत आणि बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा. गाव लोटलं होतं हो! शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, येतात तशी माणसं आली. मुंडाशी बांधून, लेकरं खांद्यावर घेऊन. कुणी हलगीसुद्धा आणली होती. चपराशी लाल झेंडी घेऊन उभा. झेंडी वर झाली की सगळ्यांनी चूप, खाली आली की बोला.

आता शंकरपटाला बैल सुटले की ओरडायचं असतं, शिट्ट्या मारायच्या असतात, मुंडासं हवेत उडवायचं असतं. इथं उलटंच! साहेब काठी उगारून उभा, कंबर हलवतोय, पाय सरकवतोय, पुन्हा कंबर हलवतोय. आणि अख्खं गाव श्वास धरून. माझ्या मागं एक म्हातारबा हळूच म्हणाला, "मारून टाक की बाबा, काहून तरसवून राहिला?" बया बया! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

त्यात आमची कढई. आत्याबाईंनी पिठाचा गोळा हातात घेतला, तेलावर नेला, की झेंडी वर! टाकला तर चर्रर्र होणार. हात तसाच अधांतरी. तेल तापून धूर सोडतंय, पीठ बोटांतून ओघळतंय, साहेब कंबर हलवतोय. एक थेंब पडलाच. चुर्र! साहेबानं मान वळवली. आत्याबाईंनी कढईकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू तिनंच आगळीक केली होती. मी चुलीमागं जाऊन जमिनीवर बसले आणि पोट धरून हसले, आवाज न करता. बिनआवाजाचं हसणं फार दुखतं, सांगते.

खेळ मात्र लोकांना लगेच कळला. "अरे, हे तर गोट्या खेळून राहिले! भोकात घालून गल करायचा हाय." बरोबरच होतं की! फक्त आपल्या गोट्यांना अंगण पुरतं आणि यांच्या गोट्यांना अख्खं माळरान. भोकाभोवतीची माती चाळून, तेल शिंपून अशी गुळगुळीत केली होती की बाया ती बघून खूश झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब येऊन बघतात तर भोकाभोवती सुरेख रांगोळी! कमळ काढलं होतं, वर हळदकुंकू. सारवलेली जागा बोडकी ठेवायची नसते, एवढंच त्या बायांना माहीत. साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. तहसीलदारांनी आमच्याकडं पाहिलं. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. दरवाजा हातचा जातो की काय! पण एका उंच, लाल नाकाच्या साहेबानं टोपी काढून रांगोळीला वळसा घातला आणि बाजूनं चेंडू मारला. गल झाला नाही, पण गावाला तो साहेब फार आवडला. त्या दिवसापासून तो आमचा साहेब.

तिसऱ्या दिवशी शेवटचा डाव. एकीकडं आमचा साहेब, दुसरीकडं एक ठेंगणा, कधीच न हसणारा. शेवटच्या भोकाकडं येताना आमच्या साहेबानं असा टोला हाणला की चेंडू आभाळात गेला, वाकडा झाला, आणि धप्पकन म्हसोबापुढं पडला. अगदी पायाशी.

गर्दीतून "आ!" असा आवाज निघाला. चपराशी पोचायच्या आत एका बाईनं पुढं होऊन चेंडूला कुंकू लावलंसुद्धा.

मग घोळ सुरू झाला. देवापुढं पडलं ते देवाचं. कौल घेतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि देवाच्या अंगावर काठी तर उगारायचीच नाही. माणसं म्हसोबाला वेढा घालून उभी राहिली. साहेब आला, लाल झालेला चेंडू बघून गोंधळला. तहसीलदारांनी त्याला इंग्रजीत समजावलं: हे लोक म्हणतात, चेंडूला कुणी हात लावायचा नाही. साहेबानं जोरजोरात मान हलवली. त्यांच्या खेळातही पडलेल्या चेंडूला हात लावायचा नसतो म्हणे! साहेब म्हणाला, लोकांचं अगदी बरोबर आहे, मी इथूनच मारतो. आणि त्यानं काठी उचलली.

"ए! ए!" गाव खवळलं. तहसीलदारांनी कपाळाचा घाम पुसला. "कौल घ्या ना मग! कोण घेतो?"

कौल लावणारा गुरव परगावी गेलेला. म्हातारे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. चुकीचा कौल लागला तर म्हसोबाही रागावणार आणि सरकारही. कोण मरायला पुढं होणार?

आत्याबाईंनी हात पदराला पुसले आणि निघाल्या.

"बाईमाणसानं?" एक पंच पुटपुटला. "अन् त्यातून तुमी..."

"मग तुमी या की," आत्याबाई म्हणाल्या. पंच जागचा हलला नाही. मला असं बरं वाटलं की काय सांगू!

त्यांनी बांधावरून करडईचं फूल तोडलं, दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या, एक म्हसोबाच्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. "देवा, पाव्हणा माणूस हाय. तुज्यावर न्हाई, चेंडूवर काठी उगारून राहिला. मारू देतोस का?" मग हात जोडून डोळे मिटले.

आणि गाव चिडीचूप. ठेंगण्या साहेबाला काय कळणार? तो मोठ्यानं खाकरला. तशी शे-दोनशे माणसं एकदम वळून म्हणाली, "श्शू!" चपराश्यानं तर सवयीनं लाल झेंडीच वर केली!

संपलं. माझा बांध फुटला. तीन दिवसांचं कोंडलेलं हसू खो-खो करत बाहेर आलं. मी वाकले, चुलीला धडकले, डोळ्यांतून धारा. आत्याबाईंची पाठ ताठ झाली. मला कळत होतं की मी दरवाजा घालवून राहिले, त्यांचा दरवाजा, आणि तरी थांबता येईना. रडू येत होतं आणि हसत होते. एवढ्यात उजवी पाकळी सुटली.

"दिला! कौल दिला!"

हलगी कडाडली, शिट्ट्या झाल्या, मुंडाशी उडाली. आमच्या साहेबानं टोपी काढून म्हसोबाला मान लववली आणि टोला मारला. चेंडू चांगला गेला, पण भोकाच्या काठावर जाऊन थांबला. ठेंगण्यानं आपला चेंडू शांतपणे आत ढकलला. जिंकला तो. पण गावाला त्याचं काय! लोकांनी आमच्या साहेबालाच खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, गुलाल उधळला. ठेंगणा बिचारा चांदीचा पेला काखेत धरून टाळ्या वाजवत उभा. तहसीलदार डोक्याला हात लावून खाली बसले होते.

फेट्यासकट साहेब आमच्या चुलीशी आला, मिरचीचं भजं तोंडात टाकलं आणि नाकाचा रंग चेहराभर पसरला. पाणी पिऊन तहसीलदारांशी काहीतरी बोलला. आत्याबाई मान खाली घालून उभ्या.

"साहेब म्हणतात," तहसीलदार हळूच म्हणाले, "हरल्यावर असा जलसा त्यांनी कुठंच बघितला न्हाई." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "शोर तर झालाच, अम्मा. पण जबान दिली हाय. दरवाजा तुमचा."

पुढच्या दसऱ्याला पहाटेच आम्ही दरवाजात चूल मांडली. जागा दाखवायला तोच झेंडीवाला चपराशी आला होता. उजेड झाला, गाड्या यायला लागल्या. माणसं आत शिरत, आत्याबाईंना बघत आणि मान वळवून पुढं जात. एक गेला, दहा गेले. माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडणार, तोच आत्याबाई म्हणाल्या, "बस खाली. घाणा टाक." कुणी नसताना आम्ही घाणे काढत राहिलो. परात भरली. मग लमाणांच्या तांड्यावरच्या तीन-चार बाया लेकरं घेऊन आल्या. एकीनं निरखून बघितलं. "ह्याच की गं! म्हसोबाचा कौल लावणाऱ्या!" तिनं आधी आत्याबाईंच्या पायांना हात लावला आणि मग भजी मागितली. त्यानंतर मला मान वर करायला सवड मिळाली नाही.

दिवे लागताना गर्दी ओसरली. मला उगीच भरून आलं होतं. म्हटलं, "आत्याबाई, मामंजीची जागा मिळाली शेवटी."

त्यांनी झारा कढईवर आपटून तेल निथळलं. "त्यांची न्हाई. ते त्या अंगाला बसायचे, डावीकडं. चपराशी तीच द्यायला निघाला होता."

"मग काहून न्हाई घेतली?"

"ती त्यांची होती," आत्याबाई म्हणाल्या. "ही माझी हाय."