आई गायला लागली की बंद

आमच्या महेंद्रदादाला चालणारी वस्तू बघवत नाही. साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, हात चांगला आहे, पण घरातलं काही धड चालू दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. मिक्सर, पाण्याची मोटार, टीव्ही, सगळं त्याने एकदा तरी खोलून पाहिलंय. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर आणि रॅम बसवल्याचं त्याने फोनवर सांगितलं, तेव्हाच मी धास्तावले.

कारण त्यावर आईची पाच गाणी रेकॉर्ड करायची होती. आमची आई गीताबाई श्रीगोंद्यातल्या वस्तीवर दरवर्षी जयंतीला गाते, चाळीस वर्षं झाली. गाणी तिची स्वतःची. तिला लिहिता येत नाही. शब्द मी वहीत उतरवून घेतले होते, पण चाली फक्त तिच्या गळ्यात, आणि त्या गळ्यातच गाठ निघाली. सोमवारी नगरला ऑपरेशन होतं. नंतर आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी गुरुवारीच रजा टाकून माहेरी आले.

दादाने जय्यत तयारी केली होती. खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, माईक आईच्या तोंडाशी. नव्या प्रोसेसरचा पंखा फार घोंगावतो म्हणून कॉम्प्युटरवर जाड गोधडी. आई गायला लागली आणि दुसऱ्या कडव्याला स्क्रीन काळी पडली. रेकॉर्डिंग गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कधी पाच मिनिटांनी, कधी बारा.

शुक्रवार त्याने रॅम काढण्यात, पुसण्यात आणि परत बसवण्यात घालवला. वायरी बदलल्या, विंडोज नव्याने टाकलं, विजेवर संशय घेऊन शेजारच्यांचा स्टॅबिलायझर आणला. मग पडवीत चार तास सिनेमा लावून ठेवला, तर व्यवस्थित चालला. शनिवारी टेम्पोत घालून नगरला नेला. दुकानदाराने दोन तास चालवून पाहिला आणि दोष नाही म्हणून परत दिला. घरी आणला, आई गायली, बंद. मला तर तो डबा उचलून विहिरीत टाकावासा वाटत होता.

मोबाईलवर घेऊ म्हटलं, तर साहेबांना मोबाईलचा आवाज चपटा वाटतो. आईनेही त्याचीच बाजू घेतली, पोरानं एवढं मांडलंय म्हणून. तेच कडवं ती नवव्यांदा गायली तेव्हा तिचा वरचा सूर फाटला. मग मात्र मला राहवलं नाही.

"दादा, तू आईचा आवाज जपत नाहीयेस," मी म्हटलं, "संपवतोयस."

तो पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. स्क्रू काढत बसला.

रविवारी सकाळी पुन्हा सगळं मांडलं, पुन्हा बंद पडलं. दादा कपाळाला हात लावून बसला. आई उठली, गोधडीवर तळवा ठेवला आणि तिने ती सरळ ओढून काढली.

"लई तापलाय ह्यो," ती म्हणाली. "उन्हाळ्यात मला गोधडी पांघरून गायला लावशील का रं?"

पडवीत गोधडी नव्हती. दुकानातही नव्हती. कारखान्यात मोटारीवर पोतं टाकणाऱ्याला फैलावर घेणारा हा माणूस खाली मान घालून बसला. मला हसूही येईना, इतका राग आला होता.

दुपारपर्यंत पाचही गाणी झाली. पंखा घोंगावत होता, पण मशीन एकदाही बंद पडलं नाही. शेवटच्या गाण्याला आईचा घसा पार बसला होता. दादा म्हणाला, पंख्याचा आवाज फार आलाय, एकदा परत घेऊ. मी माईकची पिनच उपटली.

ऑपरेशन चांगलं झालं, गाठ गेली. आवाजही गेला. आता आई बोलते ती नुसत्या श्वासावर, कान जवळ न्यावा लागतो.

दादा तीन आठवडे कुठल्याशा सॉफ्टवेअरने पंख्याचा आवाज काढत बसला होता. झाल्यावर त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि आईसमोर पहिलं गाणं लावलं. अगदी स्वच्छ. पंख्याबरोबर ओळींमधला आईचा श्वासही गेला होता, आवाजाची धारही.

आईने पूर्ण ऐकलं. मग माझ्या कानाशी आली.

"कोन गातंय गं?"

दादाही जवळ वाकला होता, त्यानेही ऐकलं. त्याने मूळ रेकॉर्डिंग लावलं. आईचे ओठ हलू लागले, टाळीही बरोबर पडत होती. दादाने आवाज वाढवला.