पाहुण्याची रीत आणि तांड्याची शाळा

आमच्या तांड्यावर दारी आलेल्या पाहुण्याला उलटं बोलत नाहीत. पटलं नाही तर मान खाली घालायची, चहा पाजायचा आणि तो गेल्यावर काय ते बोलायचं. मला या रीतीचा लहानपणापासून राग येतो, पण पाळत मीही आले. या रीतीपायी आमची शाळा हातची जाणार होती.

शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. दोन खोल्या, पुढे कडुनिंब. मी तिथेच शिकले. आता माझी मुलगी तिसरीत आहे आणि मी शाळा समितीची अध्यक्ष. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत हलवायची चर्चा मध्यंतरी जोरात होती. छोट्या शाळेचा खर्च सरकारला परवडत नाही म्हणे. पीक कमी आलं म्हणून आम्ही कधी वावर बंद केलं नाही, पण हे मुंबईत कोण सांगणार?

मोठी शाळा म्हणजे नाल्यापलीकडच्या गावातली. पावसाळ्यात नाला भरला की पोरांना कसंतरी धाडतील, पोरींना घरी ठेवतील. हे मला कोणी पुस्तकातून सांगायची गरज नव्हती. माझ्या आईच्या वेळी शाळा नाल्यापलीकडेच होती. तिचे भाऊ शिकले, ती शेळ्यांमागे गेली.

एक दिवस तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. आम्ही कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. तांड्याच्या नायकांनी साहेबांच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला. मोठी शाळा कशी चांगली, तिथे कॉम्प्युटर आहेत, मैदान आहे, गाडीचीही सोय करू, असं साहेबांनी समजावलं. माणूस वाईट नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?"

सगळ्यांच्या माना खाली. मी उठायला लागले, तर शेजारी बसलेल्या आईने माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"चहा घ्या, साहेब," नायक म्हणाले.

हरकत नाही असं समजून साहेब खुशीत गेले. त्यांची गाडी वळली आणि सगळा तांडा एकदम बोलायला लागला. माझं डोकंच फिरलं. मघाशी मूग गिळून बसलात, आता कोणाला ऐकवताय, म्हणून मी नायकांसकट सगळ्यांवर ओरडले. आईवर सगळ्यात जास्त. सकाळी मात्र तिनेच आधी चपला घातल्या. आपण त्यांच्या दारी जाऊ, म्हणाली.

कापसाची वेचणी टाकून आम्ही बायका बसने तालुक्याला गेलो. साहेबांनी बसवलं, चहा मागवला. शाळा बंद करू नका, असं मी म्हणाले, तेव्हा ते चक्रावले.

"मग काल का नाही बोललात?"

उत्तर आईने दिलं. "काल तुमी आमच्या दारी पाहुणे व्हते, साहेब. आज आमी तुमच्या दारी पाहुण्या आहो. आता तुमी उलटं बोलाचं नाही. आयकाचं."

मग तिने नाल्याचं सांगितलं, शेळ्यांचं सांगितलं. घरात आम्हाला कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. भाऊ धडे वाचायचे तेव्हा ती भिंतीआड उभी राहून ऐकायची. मला तिथेच रडू आलं. साहेब खरंच उलटं बोलले नाहीत. तांड्याचा विरोध आहे, असं वर कळवतो म्हणाले.

वरून अजून काही आलेलं नाही. शाळा चालू आहे. पुढच्या वर्षी असेल की नाही, कोणी सांगत नाही. आता पुन्हा कोणी मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. त्यासाठी तांडा बसला, तेव्हा रीत मोडायची गोष्ट आईनेच काढली आणि नायकांनी मान डोलावली. सतरंजी टाकू, टॉवेलही देऊ. चहा मात्र आमचं बोलून झाल्यावर.