चार नारायणाच्या खुंट्या

"जे सोडवता येतं, तेच परत उभारता येतं," असं सुधाकर मेस्त्री येताजाता म्हणायचे.

मेस्त्री मूळचे सावंतवाडीकडचे. परदेशात येऊन पेनरोज भागातल्या कारखान्यात ते खिडक्यांच्या चौकटी करायचे आणि हेन्डरसन उपनगरातल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये नेपाळातलं पाटण उभं करायचे. तरुणपणी दोन वर्षं त्यांनी तिथल्या सुतारांच्या हाताखाली काढली होती. मल्ल राजांचा तो चौक त्यांच्या डोळ्यांत राहिला. एका बाजूला विटांचा राजवाडा, समोर देवळांची रांग. कृष्णाचं देऊळ दगडाचं, पण चार नारायणाचं विटा-लाकडाचं. दोन हजार पंधराच्या भूकंपात ते कोसळलं. लोकांनी कोरलेलं लाकूडन् लाकूड वेचून राजवाड्याच्या आवारात रचलं, आणि पुढे त्याच लाकडांतून देऊळ पुन्हा उभारलं. हे सांगताना मेस्त्री आवाज चढवत नसत. मान तेवढी ताठ व्हायची.

चार वर्षं खपून त्यांनी त्या देवळाची हातभर उंचीची प्रतिकृती केली. दुहेरी छप्पर, ते पेलणारे तिरके टेकू. खिळा नाही, ग्लू नाही, नुसत्या खुंट्या. गावातल्या लायब्ररीच्या प्रदर्शनात ती मांडायची होती.

प्रदर्शनाची व्यवस्था बघणारी इरावती पुण्याची. तिनं छपराला बोट लावलं, तसं ते हललं.

"काका, इथे हीप्स मुलं येतात, अगदी ढिगानं. ग्लू लावा, नाहीतर मला ठेवता नाही येणार."

"ग्लू लावला की ते देऊळ नाही, शोपीस. मग घरी नेतो."

"घरी?" मेस्त्रींसोबत आलेल्या त्यांच्या पत्नी, सरलाकाकू, म्हणाल्या. "चार वर्षं माझी गाडी पावसात उभी आहे. लावा तो ग्लू."

मेस्त्रींनी तळाच्या चार खुंट्या उपसल्या. देऊळ खडखडत टेबलभर पसरलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आता तू बांध," ते इरावतीला म्हणाले.

"मी सॉफ्टवेअरवाली आहे, काका."

"बोटं आहेत ना?"

ते नुसतं दाखवत राहिले. एक टेकू तिनं उलटा धरला, तो शिरेना. फिरवला, तर अलगद बसला. तासाभरानं कळस चढला. इरावतीनं छपराला पुन्हा बोट लावलं, हसली, आणि 'हात लावू नये' ही पाटी उलटी करून मागे पाटीवरच्याच दोन्ही भाषांत लिहिलं: 'सोडवा आणि परत बांधा.'

मेस्त्रींची दुपारची पाळी होती. खिशातल्या जादा खुंट्या टेबलावर ठेवून ते स्टेशनकडे चालू लागले. वळून पाहिलं नाही. गाडीची चावी हातात घेऊन काकू लायब्ररीच्या दारात उभ्या होत्या; आता गाडीला गॅरेज मोकळं होतं. रस्ता ओलांडून ते दिसेनासे होईपर्यंत त्या पाहत राहिल्या.