माह्या नावानं गेलेली चाल

उमरेडच्या अल्याड आमचं गाव. या गावानं नागपूरले काय देल्लं असं कोणी इचारलं, तर मी चंपतरावाचं नाव घेतो. आमच्यातून आमदार-बिमदार कोणी झाला नाही. चंपतराव नागपुरात टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर चौकीदार होता. अर्ध्या शहराच्या नळाची चावी त्याच्या हातात. अंगानं बुटका, मान बैलासारखी, अन् आवाज असा का रामराम केला तरी समोरच्याले वाटे, हा भांडून राहिला.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. कन्हानले नदीवर पंपघर, तिथून पाणी चढून शहरातल्या टाक्याईत ये. पंपघरात अन् दर टाकीच्या चौकीत हँडल फिरवायचा एकेक फोन, पण तार सगळ्याईचा एकच. कोणीही उचलला का साऱ्याईचं बोलणं ऐकू ये. टाकी भरली, पंप थांबवा, एवढ्यासाठी तो फोन. काम दोन मिनिटाचं अन् बसणं दिवसभराचं. चंपतरावानं त्या तारावर वाघ-बकरी सुरू केली.

खेळ साधा. एकाचे तीन वाघ, दुसऱ्याच्या बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खाते, बकऱ्या चहूकडून घेरून वाघ कोंडतात. जो तो आपल्या चौकीत फरशीवर कोळशानं पट आखे. वाघ म्हणजे गोटे, बकऱ्या म्हणजे चिंचोके. पण पटावरची जागा फोनवर सांगावी कशी? चंपतरावानं जागाईले आमच्या गावातली नावं देल्ली. मारुतीचा पार, पाटलाची विहीर, तेल्याचा घाना, बोरीची पांदण. ज्याईनं जन्मात आमचं गाव पाहिलं नाही, ते नागपूरचे चौकीदार आमच्या गावातून बकऱ्या हाकत. नियम एकच, तोंडातून गेली ते चाल. माघारी नाही.

चंपतराव वाघ घेऊन खेळे, अन् तो हारल्याचं कोणाले आठवत नव्हतं. त्या हिवाळ्यात त्याचा डाव कन्हानच्या वामनरावाशी लागला. वामनराव पंपावरचा जुना माणूस, हळू बोलणारा, बकऱ्या जपून चालणारा. एका दुपारी चंपतराव चावी फिरवाले खाली गेला होता. वर येऊन त्यानं फोन उचलला, तं वामनराव हासून राहिला होता.

"कोंडला ना गा तुमचा वाघ! आज भांग घेतली का काय?"

"कोणता वाघ?"

"आत्ता तुमीच तं सांगतलं. वाघ बोरीच्या पांदणीत. मी मांगून बकरी लावली, झाला बंद."

"म्या? म्या तं खाली चावीपाशी होतो."

तारावर कोणीतरी खुसखुसलं. मंग दुसऱ्या टाकीवरचा कृष्णकांत बोलला. हा तरणा गडी, मॅट्रिक नापास, दिवसभर गाणे गुणगुणणारा. "चंपतभाऊ, हारून राहिले तं हारा ना! फोनमंदी भूत काहून घालता?"

"आवाज तुमचाच होता," वामनराव म्हणे. "मी बहिरा नाही."

वाघ गेल्याचं चंपतरावाले काही नव्हतं. आपण बोललो अन् फिरलो, असं साऱ्याईले वाटलं, ते झोंबलं. घरी सुभद्रा, त्याची बायको, म्हणे, "खेळच तं हाये. म्हणा का हारलो, अन् जेवा."

"हारलो असतो तं म्हटलं असतं वं."

तारावर मात्र भलताच बिघाड झाला. चंपतरावाचा आवाज खोटा निघू शकते, तं मंग खरा कोणाचा? कोणी म्हणे, चंपतराव लबाड. कोणी म्हणे, नाही, तारात कोणी घुसला. टाकी भरली म्हणून सांगाले फोन केला तरी पलीकडून सवाल ये, "पयले सासऱ्याचं नाव सांग!" एकानं रागारागानं चिंचोके नालीत फेकले. काम सांगून जो तो फोन ठेवे. खेळ बंद पडला.

चंपतरावानं वाट पाहिली, अन् सुट्टीच्या दिवशी कोणाले न सांगता कन्हानची बस धरली. वामनरावाचा पट जसाच्या तसा मांडून होता. चंपतराव त्याच्यापुढं मांडी घालून बसला.

"तोंडावर सांगाले आलो. ते चाल माही नव्हती."

वामनरावानं त्याच्याकडं पाहिलं, तंबाखूची चंची पुढं केली. तेवढ्यात फोन वाजला. वामनरावानं उचलला, अन् हळूच कानापासून दूर धरला.

"वामनराव, मी चंपतराव बोलून राहिलो," फोन बोलला. "माहंच चुकलं. हारलो म्या, डाव सोडला. उद्यापासून नवा मांडू."

चंपतराव समोर तंबाखू मळत बसलेला, तोंड बंद. तो उठला, फोन हातात घेतला.

"तू चंपतराव, तं मी कोण हाओ बे?"

मंग कृष्णकांतचा सोताचा बारीक आवाज आला. "भाऊ, गंमत केली होती. पण मंग खेळच बंद पडला. बसून बसून डोकं फिरून राहिलं. म्हटलं, तुमच्याकडून मिटवून टाकतो."

"चाल चालला, ते चाललं. माह्या नावानं हार मानतं? हार काय तुह्या बापाची हाये?"

वामनराव ओशाळला. कोंडलेला गोटा उचलून म्हणे, "घ्या, वाघ मांगं घ्या."

"ठेवा तिथंच. साऱ्याईनं माह्या आवाजात ऐकली, तं ते चाल माही. दोन वाघ बाकी हायेत ना?"

मंग तिथंच डाव पुढं सुरू झाला. दोघाईच्याही चाली वामनराव आपल्या तोंडानं तारावर सांगे, अन् साऱ्या चौक्या फोन कानाले लावून बसल्या. वामनरावानं मुरवत केली नाही. दोन वाघाईले त्यानं पाराजवळ गाठलं, एक तं कोंडल्यातच जमा होता. पण चंपतराव एकेक बकरी खात गेला, अन् शेवटी वामनरावापाशी हालवाले दुसरी बकरीच उरली नाही. पांदणीतल्या कोंडलेल्या वाघापुढची बकरी सरकवा लागली. तो वाघ मोकळा झाला, अन् त्यानंच उरलेलं रान साफ केलं.

वामनरावानं हातातले चिंचोके खाली ठेवले. चंपतरावानं फोन घेतला. "कृष्णकांत, कोण जितलं, सांग साऱ्याईले. माह्याच आवाजात सांग."

कृष्णकांतनं घसा खाकरला. "मी चंपतराव बोलून राहिलो. डाव म्या जितला."

वामनरावानं फोनकडं पाहिलं, चंपतरावाकडं पाहिलं. "हुबेहूब हो!"

"कुठी हुबेहूब," चंपतराव म्हणे. "माहा आवाज याच्याहून भारी हाये."