कडकमामांचं आमेन

कडकमामांच्या लाँड्रीत दिवस सुरू व्हायचा तो प्रार्थनेनं, आणि तिथेही कामाची वाटणी ठरलेली होती. प्रार्थना मामींची, आमेन मामांचं. मामी खळीच्या पातेल्यावर झाकण ठेवायच्या, हात पुसायच्या आणि देवाशी अशा बोलायला लागायच्या, की शेजारच्या चांभाराला वाटावं, आत कुणी पाहुणा आलाय. गल्लीतल्या आजाऱ्यांपासून न निघणाऱ्या डागांपर्यंत सगळं त्या देवाच्या कानावर घालायच्या. मामा डोळे मिटून उभे. इस्त्री जास्त तापली नाही ना, हे बघायला मध्येच एक डोळा उघडायचे आणि शेवटी असं दणदणीत आमेन ठोकायचे, की हँगर हलावेत. कडकमामा हे नाव इस्त्रीमुळे पडलं होतं, पण आमेनलाही ते शोभायचं.

मामी गेल्या आणि मामांची पंचाईत झाली. दुःख तर होतंच. पण सकाळी टेबलापाशी उभं राहिलं की कळेना, आमेन म्हणायचं कशाला? स्वतः प्रार्थना करायला जावं, तर ‘देवा’ या शब्दापुढे गाडी हलेना. शेवटी त्यांनी देवाशी अबोलाच धरला. चर्चचे कपडे धुवायचे, पण मागच्या दारानं देऊन यायचे. लेक समजावून थकली. खरं तर मामा मनातून घाबरले होते. ज्या सकाळी रोज मामींचा आवाज ऐकू यायचा, ती सकाळच आपल्या हातून सुटत चाललीय, हे त्यांना कळत होतं. पण सुरुवात कुठून करायची, ते काही केल्या सुचत नव्हतं.

त्यात चर्चचा वर्धापनदिन आला.

“बाबा, गायकमंडळींचे झगे आलेत, पाळकसाहेबांचाही आहे,” लेक म्हणाली. “आईसारखी खळ हवीय. जमेल ना?”

“न जमायला काय झालं? जन्मभर बघतोय.”

बघत होते, हे खरं. बादलीला दोन मुठी पूड, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी दोन मुठी घातल्या. मूठ कुणाची, हा प्रश्न काही त्यांच्या डोक्यात आला नाही. मामींचा हात एवढासा, आणि मामांचा पंजा म्हणजे फावडं. इस्त्री करताना झगे पुठ्ठ्यासारखे ताठ झाले, तेव्हा मामा उलट खूशच झाले. असा कडकपणा उभ्या आयुष्यात साधला नव्हता.

आपलं काम बघायचा मोह आवरेना, म्हणून मामा त्या दिवशी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले. देवाकडे बघितलंही नाही. गायकमंडळी आत आली ती दारं चालत यावीत तशी. बसायला गेली तर कडाकडा आवाज झाला. पहिल्या रांगेतल्या जाड्या मावशींचा झगा वर सरकला आणि त्यांची हनुवटी गडप झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी हात वर केले. नंतर हात खाली आले, बाह्या वरच राहिल्या.

“मंडळी,” पाळकसाहेब गंभीरपणे म्हणाले, “आज शरण गेलोय तो पुरता.”

झालं! सगळं चर्च हसत सुटलं. मामांचे कान तापले, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मग वाटलं, ही असती तर पोट धरून हसली असती. ते मनात आलं मात्र, मामाही हसायला लागले. हसता हसता रडू लागले, आणि दोन्ही एकदमच चाललं.

“मामा,” पाळकसाहेब डोळे पुसत म्हणाले, “खळ तुमची, तर प्रार्थनाही आता तुम्हीच करा.”

मामा उठले.

“देवा,” ते म्हणाले, आणि या वेळी गाडी थांबली नाही. “रागावलो होतो तुझ्यावर. सगळं तीच तुला सांगायची, मला कुठली सवय? तिची मूठ केवढी होती, तेसुद्धा कधी नीट बघितलं नाही मी. आता ती तुझ्याकडे आहे. तिला हे झगे दाखव, हसेल. घरात फार शांत शांत वाटतं रे, तेवढं तू बघ. सकाळी येत जाईन मी बोलायला. तिच्याइतकं लांबण नाही लावणार.”

पुढचा शब्द मामांच्या हक्काचा होता. पण तोच नेमका निघेना. तेव्हा तो सगळ्या मंडळींनी मिळून उचलला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, झगे करकरले. जन्मभर दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन म्हणत आलेल्या मामांनी कान देऊन ते ऐकलं.

चांगलं कडक होतं.